नकाशा नसलेला समुद्र

बिंदूमास्तर कुणाला भेटले की आधी पेन काढत आणि स्वतःच्या तळहातावर ठिपका देत. "ह्यो तू," म्हणत. जवळच्या कट्टा गावचे हे निवृत्त गणितशिक्षक रोज सकाळच्या एसटीने मालवणच्या किनाऱ्यावर येऊन रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढत. दोर ओढेल त्याला मासळीचा वाटा, या रिवाजाने त्यांच्या पिशवीतही चार बांगडे पडत.

त्यांना मच्छीमारांचं गणित मांडायचं होतं. संगणकातली प्रत्येक होडी स्वतः ठरवील, कुठे थांबायचं, कुणाचं बघून वळायचं. एका होडीच्या साऱ्या शक्य अवस्थांचं एक अवकाश, त्यात ती होडी म्हणजे एक ठिपका. सगळ्या होड्यांची अवकाशं गुंफून एक मोठं. मी त्यांचा जुना विद्यार्थी, प्रोग्रॅम लिहून देत असे. "तुका खंय ठेवू रे? तू एका जाग्यार रवणस नाय!" असं ते मला चिडवत.

त्या अवकाशात नकाशा मात्र नव्हता. पाण्याखालची खडपं, म्हणजे मासळी जमते ते खडक, माड आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून सापडतात, आणि ती खूण घराबाहेर जात नाही. रापणीचा म्होरक्या भिकू तांडेल याने ती फक्त मास्तरांच्या शब्दावर सांगितली. मास्तरांनी खडपांमधली अंतरं तेवढी घेतली. "अंतर पुरे. ठिकाण कोणाक कशाक व्हयां?"

मोजून झाल्यावर जागा टिपलेला कागद मी फाडायचा होता. मी फाडला नाही. एका परिसंवादात नुसते ठिपके ओकेबोके वाटले, म्हणून मी ते खऱ्या नकाशावर ठेवले. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटोही काढले. पुढच्याच आठवड्यात परके ट्रॉलर नेमके त्या खडपांवर आले.

"मास्तरान आमका इकल्यान!" भिकू सगळ्यांसमोर ओरडला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाळूकडे.

"चूक माझी, भिकू," ते म्हणाले.

त्यानंतरही ते येत, दोर ओढत. पिशवीत कुणी काही टाकत नसे. रिकाम्या पिशवीची घडी घालून ते परत एसटीत बसत. एकदा मी विचारलं, "सर, माझं नाव का नाही सांगत?"

"तुका हंयच रवाचा आसा. मी काय, कट्ट्याक जातंय."

गेल्या वर्षी ते वारले. किनाऱ्यावरून कोणी त्यांना पोचवायला गेलं नाही.

परवा मी दोर ओढला. भिकूने स्वतः माझ्या पिशवीत चार बांगडे टाकले. "मास्तरापेक्षा तू बरो," म्हणाला.

मी पिशवीचं तोंड बांधलं आणि घरी आलो.