ताराकाकी आणि नळीचा जोड

ताराकाकी पाणी भरायला गेली, की आधी हातपंपाचा दांडा धुवायची. दांडा धुवायला पाणी हवं आणि पाण्यासाठी दांडा धरायला हवा, या पेचातून ती कशी सुटायची ते मला कधी कळलं नाही. आता ती नाही, त्यामुळे विचारायचीही सोय नाही. डहाणूजवळच्या कैनाड गावात आम्ही शेजारी. "पाय बघ तुझे! शेत घेऊन आलास का घरात?" म्हणत पायांवर तांब्या ओतूनच ती मला आत घ्यायची.

नोटाबंदीच्या वर्षी तिच्या नवऱ्याची, लक्ष्मणकाकांची, लघवी अडली. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पिशवी जोडली. अडथळा काढायच्या ऑपरेशनपर्यंत नळी राहणार होती. पण घरी आल्यावर काकांना हुडहुडी भरून ताप आला. औषधाने उतरायचा, औषध संपलं की पुन्हा चढायचा. काका बरळू लागले, तेव्हा काकीचा धीर सुटला. मी दोघांना रिक्षात घालून डहाणूला नेलं.

"नळीचं घरी काय करता?" बाईंनी विचारलं.

"रोज पिशवी सोडवते, नळीचं तोंड उकळल्या पाण्यानं धुते, परत लावते," काकी ऐटीत म्हणाली.

"मावशी, त्या जोडातून जंतू आत जातात. नळीत त्यांचा बुळबुळीत थर धरतो, औषध त्याला पुरं पडत नाही. नळी बदलू. आता जोड उघडायचा नाही. हात धुवा आणि पिशवी खालच्या तोटीनं रिकामी करा."

"म्हंजे माझ्यामुळं झालं?"

"तसंही नाही. जास्त दिवस राहिली, की न उघडताही थर धरतो."

परतताना काकी मला म्हणाली, "धुतलं तरी घाण, नाय धुतलं तरी घाण? काय तरी एक सांग ना!"

नव्या नळीनंतर ताप उतरला तो परत आला नाही. काकी खाटेशी हात पदरात गुंडाळून त्या जोडाकडे बघत बसायची. मला तिची फार दया यायची. पुढे ऑपरेशन झालं, नळी निघाली, काका चिकूच्या वाडीत जाऊ लागले. काकी मात्र ओट्यावर बसून राहायची.

"काय झालं, काकी?"

"मी हात लावला तवा हे मरायला टेकले. हात आवरला तर उठून बसले. मग मी एवढं केलं, ते काय केलं रे?"

मी तिच्या हातचा चहा मागितला. ती लगेच उठली.