फुंकरताईची पासष्टावी नळी

फुंकरताई हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. तोंडावर तिला सगळे नुसतं ताई म्हणतात, पाठीमागे फुंकरताई, आणि तिला दोन्ही ठाऊक आहे.

आमचा कारखाना काचेच्या बरण्यांचा. गेटातून आत आलं की डाव्या हाताला तिची लाकडी चौकी, उजव्या हाताला माझी आवक-जावक नोंदींची खोली आणि मध्ये आडवा दांडा. चौकीतल्या फळीवर चौसष्ट खिळे. प्रत्येक खिळ्याला प्लास्टिकची एक पांढरी नळी आणि नळीवर चिकटपट्टी लावून ताईच्या गोल अक्षरात त्या माणसाचं नाव. सकाळी आल्यावर आपली नळी काढायची, ताईच्या हातातल्या यंत्राला लावायची आणि फुंकायचं. हिरवा दिवा लागला तर आत. लाल लागला तर त्या दिवशी घरी, आणि पुढचे तीन महिने गाडीला हात न लावता पॅकिंगच्या शेडमध्ये बरण्यांना कागद गुंडाळत बसायचं.

"ओठ आवळ, गाल फुगव, मनात पाच मोज," हे तिचे शब्द. अकरा वर्षांत त्यात काना-मात्रेचा फरक नाही.

हा नियम माझ्या पायामुळे आला. अकरा वर्षांपूर्वी एक फोर्कलिफ्टवाला सकाळी सकाळी पिऊन आला आणि त्यानं बरण्यांची अख्खी थप्पी माझ्यावर घातली. डाव्या पायाची तीन बोटं गेली. मोठे साहेब, म्हणजे आमचे मालक, आठ दिवस रोज दवाखान्यात येऊन माझ्या खाटेशी बसायचे. तिथेच स्टुलावर बसून त्यांनी स्वतःच्या हातानं नियम लिहिला: 'आवारात चाक फिरवणाऱ्या प्रत्येकानं फुंकावं.' मला बसून करायचं काम दिलं आणि पॅकिंगमधल्या ताईला बोलावून यंत्र तिच्या हाती दिलं. म्हणाले, "तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून तुम्हीच." असा माणूस. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरायचं.

ताईनं नियम शब्दशः घेतला. फोर्कलिफ्टवाले आणि ट्रकवाले तर झालेच, पण माळ्याच्या ढकलगाडीला एक चाक आहे म्हणून माळ्याचीही नळी आहे. आमचे हिशेबनीस एकदा आपली चाकांची खुर्ची दुरुस्तीला ढकलत घेऊन चालले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाचा खिळा ठोकलेला! बिचारे जन्मात सोड्याच्या पुढे गेलेले नाहीत, पण अजून रोज गाल फुगवतात.

अशी बाई भावाची तरी भीड कशी ठेवणार? तिचा धाकटा भाऊ आमचा सगळ्यात सफाईदार फोर्कलिफ्टवाला. वडील लवकर गेले, तेव्हा ताईनंच त्याला वाढवलं. दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं फुंकलं आणि लाल दिवा लागला. मागे वीस माणसं उभी. सगळ्यांना वाटलं, आपला तो बाब्या, आता ही यंत्र झटकेल, बिघडलंय म्हणेल. ताईनं त्याची नळी खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "घरी जा."

"ताई, खोकल्याचं औषध घेतलंय. त्याचा वास आहे."

"घरी जा म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी त्यानं औषधाची रिकामी बाटली आणून माझ्या टेबलावर आपटली. तीन महिने पॅकिंगला बसला, परत फोर्कलिफ्टवर आला, पण ताईशी बोलणं बंद. रोज सकाळी दोघं समोरासमोर, मध्ये वीतभर अंतर. तो नळी काढतो, फुंकतो, अडकवतो, जातो. ती त्याला आपलं वाक्यही म्हणत नाही. आई ताईजवळ राहते. तो आईला भेटायला यायचा तो ताईच्या कामाच्या वेळा बघून. नळ गळत असला तर तेवढ्यात दुरुस्त करून जायचा, म्हणजे प्रेम होतं, फक्त ते बहिणीच्या पाठीमागे चालायचं.

ताईला काय खात होतं ते मला एकट्याला ठाऊक आहे. एकदा दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि पदराखालून त्याच औषधाची बाटली काढली. दोन झाकणं औषध प्याली आणि यंत्रात फुंकलं. लाल. मग माझ्या घड्याळाकडे बघत बसली आणि पाव तासानं पुन्हा फुंकलं. हिरवा.

"त्या दिवशी मी पाव तास थांबले असते तर?" तिनं विचारलं.

 त्या दिवसापासून लाल लागला की ती माणसाला पाव तास बाकावर बसवते आणि पुन्हा फुंकायला लावते. भावाला मात्र तो पाव तास मिळाला नव्हता, आणि आता तो कुठून आणणार?

असं सगळं चाललेलं असताना एका सोमवारी सकाळी पेपर आला. मोठे साहेब शनिवारी दुपारी कुठल्याशा मेजवानीहून स्वतः गाडी चालवत निघाले आणि चौकातल्या गोल बागेत शिरले. तिथे माणूस कुणी नव्हतं म्हणून निभावलं, फुलझाडं गेली. पोलिसांनी फुंकायला लावलं आणि अटक केली. संध्याकाळी जामिनावर सुटले. फोटोत त्यांनी तोंडावर हात घेतला होता, पण त्या हातातलं घड्याळ आम्ही सगळे ओळखत होतो.

त्या दिवशी कारखान्यात बरण्या कमी आणि गप्पा जास्त झाल्या. हिशेबनीस म्हणाले, "चक्कर आली असेल हो, साखरेचा त्रास आहे त्यांना." पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." त्यातली एक साहेबांनी तिच्या मुलीची फी भरल्याचं आठवून रडायला लागली आणि रडता रडता त्यांना शिव्याही घालू लागली. माळ्याला सगळ्यात जास्त दुःख फुलझाडांचं झालं. मी टेबलाखाली बूट काढून नसलेल्या बोटांच्या जागी हात फिरवत बसलो होतो. मला राग आला होता, आणि ज्याच्यावर आला होता तो माणूस आठ दिवस माझ्या खाटेशी बसला होता.

दुपारी धाकटा माझ्या खिडकीशी आला. बोलला माझ्याशी, पण आवाज पलीकडच्या चौकीपर्यंत जावा असा.

"काका, तुमच्या ताईंना विचारा. साहेब आले की नळी देणार की सलाम ठोकणार? का नियम फक्त भावांसाठीच आहे?"

ताई चौकीत नळ्या धूत होती. तिचा हात थांबला. हात पुसून ती माझ्या खोलीत आली आणि भिंतीवर लावलेला साहेबांच्या हातचा नियम वाचत उभी राहिली. तिला तो पाठ होता, तरी बोट फिरवत वाचला.

"चाक फिरवणाऱ्या प्रत्येकानं," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी माळ्याच्या ढकलगाडीला नळी लावली. आणि ती एवढी मोठी गाडी रोज आत येते, चार चाकांची, तिला मी दांडा उचलून सलाम करते. मला दिसलीच नाही हो."

"अहो, मालकाची गाडी ती. कुणालाच दिसली नाही."

"मला दिसायला हवी होती. रोज फुंकायची सवय असती, तर शनिवारी हात किल्लीकडे गेला असता का त्यांचा?"

बुधवारी मॅनेजर चौकीत आले. साहेब गुरुवारी येणार होते. मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, उद्या तुम्ही सुट्टी घ्या. भरपगारी. आठ महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार, आईचं औषधपाणी आहे. कशाला विस्तवाशी खेळ? साहेबांना आधीच पुष्कळ झालंय."

ते गेल्यावर ताईनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, ज्याच्या पायावर हा नियम उभा आहे तो मी, म्हणालो, "घ्या ना सुट्टी. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

ती नुसती माझ्या डाव्या बुटाकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना दारात म्हणाली, "उद्या नाही आले, तर तो जन्मात माझ्याशी बोलायचा नाही. आणि बरोबरच असेल त्याचं."

गुरुवारी मी पोचलो तेव्हा हातोडीचा आवाज येत होता. फळीवर जागा उरली नव्हती, म्हणून ताईनं खाली कोपऱ्यात पासष्टावा खिळा ठोकला होता. नळीवर चिकटपट्टी, पट्टीवर 'मोठे साहेब'. रांग लागली होती, पण फुंकून झालेला एकही जण आत जाईना. सगळे दांड्यापलीकडे घोटाळत उभे राहिले. धाकटा मुद्दाम रांगेच्या शेवटी उभा होता, हाताची घडी घालून.

गाडी आली. चाक साहेबांच्या मुलीच्या हातात होतं आणि साहेब शेजारी. त्यांचा परवाना पोलिसांकडे जमा होता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. धाकटा मोठ्यानं म्हणाला, "चला, सुटले. चाक पोरगी फिरवतेय."

ताईनं दांडा उचलला नाही. गाडी थांबली. मॅनेजर कार्यालयातून जवळजवळ धावतच निघाले. ताईनं आधी मुलीला एक कोरी नळी दिली. तिनं निमूटपणे फुंकलं. हिरवा. मग ताई गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि नावाची नळी खिडकीसमोर धरली.

साहेबांनी काच खाली केली. पाच दिवसांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"मी गाडी चालवत नाहीये, ताई."

"माहीत आहे, साहेब. ही आजची नाही. अकरा वर्षांची राहिलीय. माझ्या हातून राहिली, चूक माझी आहे."

मॅनेजर धापा टाकत पोचले होते. "साहेब, मी हिला सांगितलं होतं..." साहेबांनी नुसता हात वर केला आणि ते गप्प झाले. मग साहेब गाडीतून उतरले. नळी हातात घेऊन तिच्यावरचं आपलं नाव वाचलं. एकदा माझ्या खिडकीकडे बघितलं. मी उभा राहिलो, का ते मलाही सांगता येणार नाही.

"कसं करायचं?" त्यांनी ताईला विचारलं.

"ओठ आवळ, गाल फुगव, मनात पाच मोज," ताई म्हणाली. सवयीनं मालकाला अरे-तुरे करून बसली, आणि साठ माणसांत एकालाही हसू आलं नाही. साहेबांनी पोरासारखे गाल फुगवले आणि फुंकलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ सुटू दिले नाहीत. हिरवा लागला.

"खिळा इथेच राहू दे," ते म्हणाले. नळी स्वतः वाकून खालच्या खिळ्याला अडकवली आणि गाडीत न बसता चालत आत गेले. बघणारे बाजूला सरले.

ताई परत चौकीत आली तेव्हा तिचे हात लटलट कापत होते. आता रांगेत एकच माणूस उरला होता. त्यानं आपली नळी काढली, यंत्राला लावायला गेला, पण यंत्र एका जागी राहीना. तेव्हा त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. नळी बसवली, तोंडाजवळ नेली आणि तशीच धरून थांबला.

"औषध नव्हतं, ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी मी पिऊन आलो होतो. बाटली नंतर विकत आणली."

मी माझ्या खिडकीत होतो, मला शब्दन्‌शब्द ऐकू आला. दोन वर्षं! दोन वर्षं ही बाई तो पाव तास डोक्यावर घेऊन फिरत होती. मला वाटलं, आता ती यंत्र त्याच्या डोक्यात घालेल, आणि मी तिला अडवणार नव्हतो.

ताई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग नाक ओढलं आणि म्हणाली, "नळी तोंडाशी असताना बोलायचं नसतं, गधड्या. ओठ आवळ, गाल फुगव, मनात पाच मोज."

त्यानं फुंकलं. ताई स्वतःही ओठांतल्या ओठांत मोजत होती. पाच झाले, सहा झाले, सात झाले, हिरवा दिवा केव्हाच लागला होता. त्यानं तिचं मनगट सोडलं नाही, आणि तिनंही यंत्र खाली घेतलं नाही.