कॉलर आयडी नको

आयुष्यात सगळ्यांत जास्त अभ्यास करून घेतलेला माझा निर्णय मोबाइल कंपनी निवडण्याचा होता, हे सांगायला लाज वाटते. लग्न मी दोन भेटींत ठरवलं. सिंगापूरची नोकरी एका फोनवर स्वीकारली. पण जुन्या मोबाइल कंपनीचा दोन वर्षांचा करार संपला, तेव्हा पुढची कंपनी ठरवायला मला पाच आठवडे लागले.

आम्ही तेव्हा सिंगापूरमध्ये बुकित बातोकला राहत होतो. मोठ्या कंपन्या तीनच होत्या, पण माणसाचं डोकं फिरवायला तेवढ्या पुरे होत्या. एकीकडे बोलायची मिनिटं ढीगभर आणि डेटा चिमूटभर. दुसरीकडे डेटा बक्कळ, पण आलेला फोन उचलला तरी आपलीच मिनिटं कापली जायची. तिसरीकडे येणारे फोन फुकट होते, मात्र त्यासाठी वरचा प्लॅन घ्यायचा, आणि वरचा प्लॅन घेतला की आपल्याला नको असलेला हँडसेट गळ्यात पडायचा. शिवाय तिघीही हजार हजार एसएमएस फुकट देत होत्या. मी महिन्याला चार एसएमएस करायचो, त्यातले दोन चुकून.

मी एक्सेल शीट केली. आधी सहा कॉलम होते, मग अकरा झाले. संध्याकाळी जेवायचं पान वाढलेलं असताना मी आठव्या कॉलमचा रंग बदलत बसलेला असायचो. बायको एकदा म्हणाली, "मुलीची शाळा निवडताना एवढा वेळ दिला असतास तर?" मुलीने ताटातून मान वर न करता तिथल्या इंग्रजीत म्हटलं, "बाबा, जस्ट चूज लाह." मी दोघींवरही चिडलो. खरं म्हणजे चिडायचं होतं त्या तीन कंपन्यांवर, पण त्या समोर नव्हत्या.

त्या शीटमध्ये आईसाठी कॉलम नव्हता. तो का हवा होता, ते सांगायला आमची एक पद्धत सांगावी लागेल.

वडील गेल्यावर आई चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता. परदेशात फोन म्हणजे पैशांची धूळधाण हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की तिने मला कधी फोन केला नाही. ती मिस्ड कॉल द्यायची. रोज सकाळी तिच्याकडे साडेसहा आणि माझ्याकडे नऊ वाजले की दोन रिंगा आणि कट. त्याचा अर्थ, मी उठले, ठीक आहे, चहा घेतेय. नऊ सोडून दुसऱ्या कुठल्याही वेळी दोन रिंगा आल्या तर अर्थ वेगळा: सवडीने फोन कर. तिसरी रिंग ती कधीच होऊ द्यायची नाही. मी चुकून उचलला तर, ही धास्ती. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि त्यात एकदाही गोंधळ झाला नव्हता.

शेवटी एका रविवारी आम्ही क्लेमेंटीच्या मॉलमधल्या दुकानात गेलो. टोकन घेतलं, पुढे एकोणचाळीस जण होते. दीड तासाने नंबर लागला. काउंटरवरची मुलगी विजेच्या वेगाने बोलत होती आणि माझ्या शीटमधला एकही आकडा तिच्या कागदावरच्या आकड्याशी जुळत नव्हता, कारण ऑफर शुक्रवारीच बदलली होती. पाच आठवड्यांची मेहनत तिथेच पाण्यात गेली. ती एकेक जोडसेवा विचारत गेली आणि मी सूड उगवल्यासारखा प्रत्येकीला नाही म्हणत गेलो. शेवटी तिने विचारलं, "कॉलर आयडी, वाँट ऑर नॉट?"

कोणाचा फोन येतोय ते दिसण्यासाठीही या देशात वेगळे पैसे! जुन्या करारात ते फुकट होतं, म्हणून मला कधी कळलंच नव्हतं. मी म्हणालो, नको.

बायको शेजारी होती. "अरे, कोणाचा फोन आहे ते दिसायला नको?"

"उचलला की कळतंच कोण आहे ते," मी म्हणालो. मला हे उत्तर फार आवडलं होतं. परतीच्या बसमध्येही मी ते मनात घोळवत होतो. जिचा फोन मी कधी उचलतच नव्हतो, ती मला आठवली नाही.

पहिले काही दिवस सगळं छान चाललं. सकाळी नऊला दोन रिंगा यायच्या. पडद्यावर नंबराच्या जागी 'अननोन' असायचं, पण वेळेवरून मला कळायचं. दिवसभरात आणखी बरेच अननोन यायचे. घरं विकणारे, कर्ज देणारे, क्लबचं सभासदत्व गळ्यात मारणारे. त्यांच्यातला आणि आईतला फरक फक्त घड्याळ सांगत होतं.

दुसऱ्या महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी मीटिंगमध्ये होतो. टेबलावर फोन थरथरला आणि थांबला. अननोन. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा पाच मिनिटांनी. मी तो पालथा घातला. तासाभरात नऊ वेळा तसं झालं. तीन वाजता पॅन्ट्रीत कॉफी घेताना मी एका मित्राजवळ वैतागलो. तो मुंबईचा, माझ्याच टीममधला. म्हटलं, या एजंट लोकांना काही लाज नाही, दोन रिंगा देतात आणि उचलायच्या आत ठेवून देतात.

तो हसला. "मग तो एजंट नाही रे. आपल्याकडचाच कोणीतरी असणार. मिस्ड कॉल आपल्याशिवाय कोण देतं?"

मीही हसलो. कप धुतला आणि जागेवर जाऊन बसलो.

शुक्रवारी सकाळी नऊला दोन रिंगा आल्या. शनिवारीही आल्या. रविवारी मी नेहमीप्रमाणे फोन लावला, तेव्हा आई म्हणाली की ती जरा हळू बोलेल, डोळ्याला ताण नको म्हणून सांगितलंय. कसला ताण, मी विचारलं. मग कळलं. मोतीबिंदू पिकला होता. गुरुवारी ती नुसती तपासायला गेली होती, तर डॉक्टर म्हणाले, उद्या एक जागा रिकामी झालीय, करून टाकू, नाहीतर पुढे महिनाभर तारीख नाही. फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती. आईने सांगितलं, मुलगा सिंगापूरला असतो, मिस्ड कॉल देते, लगेच करेल तो, त्याला विचारून सांगते. मग ती दवाखान्याच्या बाकावर फोन मांडीवर घेऊन बसली. तिच्याकडे एक वाजला, म्हणजे माझ्याकडे साडेतीन, आणि दवाखाना बंद व्हायची वेळ झाली. नर्सने दोनदा येऊन विचारलं. शेवटी शेजारच्या काकूंना बोलावून घेतलं आणि त्यांनी सही केली. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'शेजारीण' लिहिलं, त्यावर नर्सने हरकत घेतली, म्हणून खोडून 'बहीण' केलं. हे सांगताना आई हसत होती.

"तू कामात असशील, म्हणून दहाव्यांदा नाही दिला," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आई, नेटवर्क नव्हतं गं."

"तरीच. अरे, एवढा मोठा देश म्हणतोस, एक चांगली कंपनी नाही मिळत? बदल ती."

सोमवारी ऑफिसला न जाता मी दुकानात गेलो. टोकन, बाक, सगळं तेच. कॉलर आयडी सुरू व्हायला चार मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं होतं तिथल्या कोणावर तरी ओरडता येईल, पण त्या मुलीने मला विचारलं होतं आणि मी नको म्हटलं होतं.

चिंचवडच्या आमच्या इमारतीत सिंगापूरला नेटवर्क नसतं ही बातमी माझ्याआधी पोचली होती. सहा महिन्यांनी गेलो तर जिन्यात भेटलेल्या काकूंनी माझीच विचारपूस केली. कसे राहता रे तुम्ही तिकडे, म्हणाल्या. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. नव्या डोळ्याने तिला प्रत्येक पिवळं पान दिसत होतं. मी तिच्यासमोर बसलो आणि कॉलर आयडीचं सगळं सांगितलं. नेटवर्क होतं, नंबर दिसत नव्हता, नंबर दिसणं मीच नको म्हटलं होतं.

तिने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे सकाळी नऊला मी तुझी आई, आणि दुपारी घरं विकणारी?"

मी हसलो. तीही हसली. मग जुडी उलटी करत म्हणाली, "पण दोन रिंगा तरी ओळखायच्यास."

इथेच थांबता आलं असतं. पॅन्ट्रीत तो मित्र बोलला, तेव्हा क्षणभर माझ्या मनात आई आली होती. तिला फोन लावला की अर्धा तास जातो, भाजीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत सगळं ऐकावं लागतं, आणि मला चारच्या आत एक मेल पाठवायची होती. म्हणून मी स्वतःला सांगितलं, एजंटच असेल. दोष कॉलर आयडीचा होताच, पण सगळा नव्हता.

"ओळखल्या होत्या," मी म्हणालो.

आईचा हात थांबला नाही. "असू दे. कामात होतास," ती म्हणाली, आणि निवडलेली मेथी टोपलीत टाकून पाण्याखाली धरली. मी काहीतरी बोलायच्या आत नळ मोठा केला.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी नऊला फोन वाजला. पडद्यावर 'आई' असं स्वच्छ दिसत होतं. दोन रिंगा झाल्या. मी तिसरीची वाट पाहत फोन हातात धरून उभा राहिलो. ती नेहमीसारखी दोनवरच थांबली. मी तिथल्या तिथे उलट फोन लावला.

"काय झालं रे?" ती घाबरून गेली होती. "दोनच तर दिल्या होत्या. आता काय सगळं ठीक असलं तरी फोन करायचा?"