आधी ओळख, मग चहा

सिंकमधले कप आणि ऑफिसातले किस्से सारखेच साठतात. वेळच्या वेळी काढले नाहीत तर वास मारतात. म्हणून आज काढायला बसले.

मी इथल्याच मारुंजी गावची. शाळा चौथीपर्यंत, तोंड मात्र पदवीधर. बारा टाळक्यांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चहा, सफाई आणि दारावरची बेल एवढं माझ्याकडे. सगळे मला मावशी म्हणतात. किस्से ऑफिसचे, येडेपणा बहुतेक माझा.

*

प्रणाली नावाची पोरगी नवीन लागली, सहा महिन्यांच्या बोलीवर. एक दिवस मी विचारलं, "काय बडवतीस गं दिवसभर त्या बटनांवर?"

"मावशी, एका कारखान्याच्या सगळ्या लोकांची नावं आणि पासवर्ड एका मोठ्या यादीत आहेत. तिला डिरेक्टरी म्हणतात. कुणी लॉगिन केलं की आपला प्रोग्राम त्या यादीला विचारतो, हा माणूस तुमचाच ना? पण सध्या पासवर्ड उघडा जातो, वाटेत कुणीही ऐकेल. तो कुलपात घालून पाठवायचा. एन्क्रिप्शन! जावा भाषेत लिहितेय."

"एवढंच व्हय?" म्हटलं आणि पँट्रीत गेले. तिथे आमचे बॉस दिनेश सर यांचा फोन चार्जिंगला होता. वाजला, मी उचलला, आणि तिथूनच ओरडले, "सर! वैनी म्हन्त्यात, मूळव्याधीच्या डॉक्टरची वेळ पाचची हाय!"

सगळे कीबोर्ड थांबले. प्रणाली म्हणाली, "बघा मावशी. याला म्हणतात एन्क्रिप्शन नसणं!"

*

मग मलाच कुलपाचं वेड लागलं. साखर भराभर संपते म्हणून डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली अशी लपवली की कुणाच्या बापाला सापडू नये.

मलाही सापडली नाही.

दोन दिवस सगळं ऑफिस बिनसाखरेचा चहा प्यालं. दिनेश सर म्हणाले, "सिक्युरिटी असावी तर अशी! मालकालासुद्धा एंट्री नाही!"

*

प्रणालीचा प्रोग्राम मात्र अडून बसला. यादी ज्या सर्व्हरवर आहे त्याने आधी ओळखपत्र दाखवायचं, प्रोग्रामने तपासायचं, मग पुढचं बोलणं. त्या ओळखपत्राला सर्टिफिकेट म्हणतात. प्रोग्राम रोज लाल अक्षरात सांगायचा, याला मी ओळखत नाही.

शुक्रवारी कारखान्याचा तपासणीवाला येणार होता. सरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, "प्रणाली, यात फेल झालीस तर कायम होणं विसर." पोरीचा डबा तीन दिवस भरलेलाच परत जात होता.

शेवटी सरच म्हणाले, "अगं, तपासणंच बंद कर! समोरच्याने काहीही दाखवलं तरी हो म्हण. पासवर्ड कुलपात जातोय ना?"

तिने दोन-चार ओळी लिहिल्या. झटक्यात हिरवं! टाळ्या पडल्या, सगळ्यात जोरात माझ्या. वर मीच शहाणपणा केला, "एवढं सोपं व्हतं तर तीन दिस रडलीस कशाला गं येडे?"

*

गुरुवारी बेल वाजली. दारात एक माणूस. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, खांद्याला बॅग, हातात पाना. "पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग."

हिंजवडीच्या कंप्युटर कंपन्यांशेजारी राहून डोळ्यांना वाईट खोड लागलीय. गळ्यात कार्ड दिसलं की माणूस सज्जन! त्यावर लिहिलंय काय, ते कोण वाचतो? आत घेतला, आल्याचा चहा दिला.

"मावशी, वायफाय आहे का?"

"हाय की! फ्रिजच्या मागं पासवर्ड चिकटवलाय, घ्या बगून."

बिस्किटंही दिली. जाताना म्हटलं, "लई गुणाचा हायेस बाबा. मागचा मेकॅनिक लादीवर पाणी सांडून गेला व्हता!"

*

शुक्रवारी तोच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून मीटिंगला! कारखान्याचा तपासणीवाला म्हणे हाच.

त्याने कालचं कार्ड टेबलावर ठेवलं. त्याच्या मुलीच्या शाळेतल्या गॅदरिंगचं होतं!

"काल तुमच्याच वायफायवर मी माझ्या लॅपटॉपवर एक खोटी यादी उभी केली," तो म्हणाला. "तुमच्या प्रोग्रामने काही न विचारता तिला पासवर्ड दिले. अगदी व्यवस्थित कुलूप लावून." मग माझ्याकडे बघून, "चहाही छान होता."

सर प्रणालीकडे बघायला लागले. माझी नोकरी तर गेल्यातच जमा होती, मग घाबरायचं कशाला?

"सर, तिच्याकडं काय बगताय? तपासू नको म्हणून तुमीच सांगितलंत. टाळ्या मी वाजवल्या. तिला घालवायची तर तिघांना एका रांगेत घालवा!"

तपासणीवाला हसला आणि आठ दिवस देऊन गेला.

*

त्या आठ दिवसांत प्रणालीने त्या ओळी पुसल्या. कारखान्याकडून खरं सर्टिफिकेट मागवून प्रोग्रामला त्याची ओळख करून दिली, त्यावरचं नाव जुळवून बघायलाही शिकवलं. मीही शिकले. कारखान्याच्या ऑफिसचा नंबर स्वतःच्या फोनमधे घालून घेतला.

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली. तोच! मी दाराची साखळी काढलीच नाही.

"कार्ड?"

त्याने फटीतून दाखवलं. मी अक्षर लावून लावून वाचलं. "हे खरं कशावरनं? थांबा, कारखान्यात इचारते."

"मी नंबर देतो ना."

"तुमचा नको. माझ्याकडं हाय." लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना.

"मावशी, तुम्ही मला ओळखता! चहा पाजलाय मला!"

"म्हनूनच!"

सर ट्रॅफिकमधे अडकले होते. प्रणालीच्या फोनवरून ओरडले, "मावशी, तेच आहेत ते!"

"तुमी तितनं कसं काय बगितलं?"

प्रणालीने हात जोडले. "मावशी, घ्या ना आत! माझी नोकरी आहे हो!" पोरीची नोकरी पायरीवर उभी आणि मी दारात आडवी! पण साखळी काढली नाही.

शेवटी तो बिचारा पायरीवरच बसला. मांडीवर लॅपटॉप, सरांनी फोनवरूनच वायफायचा पासवर्ड सांगितला, आणि त्याने पुन्हा आपली खोटी यादी उभी केली.

आतून किंकाळी आली. "लाल! मावशी, लाल आलं! ओळखत नाही म्हणाला!" प्रणाली खुर्चीभोवती नाचत होती.

तपासणीवाल्याने फटीतून वर बघितलं. "पास. दोघीही पास. आता तरी आत घ्या, रिपोर्टवर सही करायचीय."

माझ्या कानाला फोन तसाच. रिंग अजून वाजतच होती.

"पायरीवरच करा," म्हटलं. "पेन देते फटीतनं."