टाकी धुवायला कोण चढणार?

सेलूच्या एका घराच्या टावरवर मी बसले होते आणि मला खाली उतरता येत नव्हतं. टावर म्हणजे जिना गच्चीवर संपतो तिथली छोटी खोली. तिच्या स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवायची, हे माझंच डिझाइन. बावीस वर्षं घरांचे नकाशे काढतेय. टावरवर स्वतः मात्र पहिल्यांदाच चढले होते.

खाली गच्चीवर घरमालक रामटेके गुरुजी, रिटायर्ड सायन्स टीचर, मान वर करून उभे. शेजारी साइटवरची मजूर शेवंताबाई बांबूची शिडी धरून. मला वर चढवलंही तिनेच.

झालं असं. सकाळी मी गुरुजींना टाकीची जागा समजावत होते. टाकी जितकी उंच, तितकं नळाला प्रेशर जास्त. गुरुजी खूश. त्यांची एकच अट होती, "समोरून शिडी, कठडा काई दिसलं नाई पायजे. एलेव्हेशन बिघडते." एलेव्हेशन म्हणजे घराचा दर्शनी चेहरा. मी लगेच मान डोलावली.

शेवंताबाईने घमेलं खाली ठेवलं. "मॅडम, टाकी धुवाले कोन चढन?"

"प्लंबर."

"कायच्यानं?"

"तो आणेल शिडी."

"अन् धरन कोन?"

नकाशात शिडी धरणारं कोणी काढलेलं नव्हतं.

"माह्या माणसाची कंबर अशीच मोडली," ती म्हणाली. "आंजी गावात एका घरची टाकी धुवाले गेलता. शिडी सरकली. तवापासून घरीच हाये." मग चहा विचारावा तसं म्हणाली, "तुम्ही एक डाव चढून पाहा ना."

चढताना काही वाटलं नाही. उतरताना मात्र मोकळ्या आभाळाकडे पाठ करून, कडेवरून पाय खाली सोडून शिडीची पायरी अंदाजाने शोधावी लागते. माझा पाय ती शोधेना. एका बाजूला गच्ची, दुसऱ्या बाजूला तीस फूट खाली थेट रस्ता.

"मॅडम, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी स्लॅबच्या जवळ ठेवा!" गुरुजी ओरडले.

"पोटावर झोपा म्हणून राह्यले ते," शेवंताबाईने समजावून सांगितलं. "आता डावा पाय सोडा. अजून. हां, बसला."

उतरल्यावर बराच वेळ सिमेंटच्या पोत्यावर बसले. घर बांधणारा, राहणारा आणि पुढे दुरुस्तीला येणारा, तिघांच्या जिवाचा विचार डिझाइन करणाऱ्याने आधीच करायचा असतो. कॉलेजमध्ये यावर मी लेक्चरही देते.

तिथेच नकाशा बदलला. टाकी टावरवरून काढून गच्चीवर, मागच्या बाजूला, गुडघाभर ओट्यावर. तिथला कठडा छातीपर्यंत. वरच्या बाथरूमला प्रेशर कमी पडेल म्हणून एक छोटा पंप.

"पंप? अन् लाईट गेली त?" गुरुजी म्हणाले.

"त्या दिवशी बादलीने आंघोळ करा."

"सकाळी त तुम्हीच उंचीचे फायदे सांगून राह्यल्या होत्या!"

"सकाळी मी वर गेले नव्हते, गुरुजी."

गुरुजींनी शेवंताबाईकडे पाहिलं. ती शिडी उचलून निघालीही होती. मग पंप कुठे बसवायचा, ते विचारू लागले.

घर होऊन दोन वर्षं झाली. गुरुजी टाकी स्वतः धुतात, चपला घालून, रेडिओ ऐकत. टाकी खाली घ्यायची आयडिया आपलीच, असं शेजाऱ्यांना सांगतात. मी दुरुस्त करत नाही. नकाशावरची चूक खोडायला रबर पुरतं. घर उभं राहिल्यावर तिच्यासोबत राहावं लागतं, आणि राहणारा बहुतेक इंजिनिअर नसतो.