सुई काढलेलं मशीन

आमच्या इमारतीत एक गोष्ट पक्की मानली जाते: वरच्या मजल्यावरचे वंगणकाका रोज संध्याकाळी दार लोटून घेतात आणि गेलेल्या बायकोसाठी कपडे शिवतात. ही बातमी जिन्यातल्या मावशींची. त्यांना जिन्यातल्या म्हणतात, कारण घरात त्या फक्त झोपायला जातात. त्यांचं बोलणं त्यांच्यासारखंच सांगायला हवं, म्हणजे नाकातून आणि ऐकणाऱ्याचं मनगट घट्ट धरून. "अगं, कपाट गच्च भरलंय. दार उघडलं तर ढिगाखाली माणूस सापडायचं नाही. मापं कुठून घेतो ते मला विचारू नकोस बाई, मला झोप लागत नाही."

मावशींना झोप उत्तम लागते. भिंतीपलीकडे आम्हीच राहतो. आणि कपाट मी आतून पाहिलंय. त्यात काकांचे शर्ट आहेत, एक स्वेटर आहे आणि बाकी नुसती डांबरगोळ्यांची हवा. मशीन रोज चालतं एवढंच खरं. पण त्यात दोरा नसतो, खाली कापड नसतं, सुईसुद्धा काढून डबीत ठेवलेली असते. काका नुसता पाय मारतात. तेल हलतं राहावं म्हणून.

तेल हलतं ठेवणं हाच काकांचा धंदा होता. शहराला प्यायचं पाणी देणाऱ्या तलावावर त्यांची सगळी नोकरी झाली. पाणी सोडायचे लोखंडी दरवाजे, त्यांच्या साखळ्या, त्यांची दातेरी चाकं, या सगळ्यांना वंगण घालायचं. सुरुवातीला ते वंगण खनिज तेलाचं होतं, काळपट, डोकं चढवणाऱ्या वासाचं. साखळीवरून थेंब ओघळला की पाण्यावर रंगीत तवंग पसरायचा आणि काका काठीला फडकं बांधून तो टिपत बसायचे. फडकं भरायचं, तवंग तसाच.

मग खात्याने बियांपासून काढलेलं वंगण आणलं. रंग मधासारखा. तेही थेंबथेंब गळायचं, पण पाण्यात पडलं की थोड्या दिवसांत कुजून नाहीसं व्हायचं. खोड एकच होती. एका जागी पडून राहिलं की हवेने ते चिकट आणि मग घट्ट व्हायचं, शेगडीमागच्या भिंतीवरचे तेलाचे शिंतोडे बसतात तसं. म्हणून तलावावर नियम झाला की पाणी सोडायचं असो वा नसो, प्रत्येक दरवाजा रोज वीतभर उचलायचा आणि खाली ठेवायचा. याला तिथे 'जांभई देणं' म्हणत. "चला, दरवाजांना जांभया देऊन येतो," म्हणून काका डबा उचलायचे.

घरी काकू शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. मशीनच्या तेलाने त्यांची बोटं तडकायची आणि पांढऱ्या कापडावर डाग पडला की तो निघता निघायचा नाही. काकांनी एक दिवस नव्या वंगणाची छोटी बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

काकूंनी वास घेतला. "हे मशीनला घालू की कढईत?"

"मशीनला. कढईत घातलंस तर तलावाच्या दरवाजांना काय फोडणी घालू?"

"तुमच्या हातचं खाऊन एवढी वर्षं जगले, हे काय करणार मला."

बोटं बरी झाली. काकू रोज शिवायच्या, त्यामुळे घरच्या मशीनला वेगळी जांभई द्यायची वेळ कधी आलीच नाही. मी लहानपणी त्यांच्या टेबलाखाली बसून पाढे पाठ करायचे. डोक्यावर ते मशीन धावत असायचं, एकसारखं, कटकटकटकट, आणि कोपरा आला की थांबून काकूंचा एक "हं".

मग काकू आजारी पडल्या. पोटातलं होतं आणि उशिरा कळलं. काका हॉस्पिटलच्या बाकावरच राहायला गेले. अंघोळीला घरी यायचे, तेही धावत. काकू रोज विचारायच्या, "मशीन फिरवतंय ना कुणी?" आणि काका म्हणायचे, "हो."

काकू गेल्या. भेटायला येणारे यायचे थांबले. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, चादरींच्या घड्या घालत होती आणि मी तिला टोकं धरू लागत होते. काका मशीनपाशी बसले आणि त्यांनी पाय ठेवला. पायटा हलला नाही. त्यांनी चाकाला हात घातला. चाकही हललं नाही. आत तेलाचा पिवळा खडा झाला होता.

त्यांनी पुन्हा एकदा पाय मारून पाहिला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "तलावावरचा एक दरवाजा कधी विसरलो नाही मी. आणि ती रोज विचारत होती गं. मी हो म्हणत होतो."

ताईचा आवाज अशा वेळी शाळेच्या बाईंसारखा होतो. "बाबा, रॉकेल ओता, पाच मिनिटांत सुटेल. मग साधं मशीनचं तेल घाला आणि वर चादर टाका. वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी काही होत नाही त्याला."

"तेच ना," काका म्हणाले.

"काय तेच ना?"

"काही होत नाही, विसरलं तरी."

रॉकेलचा वास काकूंना सहन व्हायचा नाही, म्हणून ते त्या खोलीत आलंच नाही. काकांनी एकेक भाग सोडवला, गरम फडक्यात गुंडाळला, ताजं तेल लावून टूथब्रशने घासला. एक दांडा मशीनच्या पोटात होता, तो काही केल्या बाहेर येईना. त्याच्यामुळे चाक आता दर फेरीला किंचित अडखळतं. कटकटक-अट. हे जिन्यातून ऐकू येत नाही, नाहीतर मावशींनी त्यावर एक स्वतंत्र बातमी केली असती. त्या दिवसापासून काका मशीनला रोज जांभई देतात.

यंदा त्यांना हर्निया झाला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, आणि नंतर काही आठवडे पायटा बंद. काका म्हणाले, बघू. पुढच्या महिन्यातही म्हणाले, बघू. चालताना ते पोटावर हात दाबून धरायला लागले. ताईने मला फोन केला. "तू त्यांच्याकडे असतेस. बाबा घाबरतायत का ऑपरेशनला? मला खरं सांग."

घाबरत होते, पण ऑपरेशनला नाही.

मी वर गेले. "काका, मशीन मी चालवते. तुम्ही जा."

"आणि विसरलीस तर?"

"रोज फोनवर ऐकवते तुम्हाला."

"तू? तू कंटाळा आला की तोंडाने आवाज काढशील, रेडिओ." मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून मला ते रेडिओच म्हणतात.

"आणि काढला तरी तुम्हाला कळणार नाही."

"कळेल."

"पैज."

"पैज," काका म्हणाले. "तुला वाटेल त्या दिवशी काढ. मला नाही कळलं तर ताईचं तेल घालू, चादर टाकू, मी पुन्हा बसणार नाही इथे. कळलं तर तू पाय मारायचास, डॉक्टर मला पायट्यावर बसू देतील तोवर."

ते गेले आणि ऑपरेशन झालं. मी रोज शाळेतून आले की मशीन चालवायचे आणि फोन चाकाजवळ धरायचे. काका "हं, ठीक" म्हणून ठेवायचे. मशीनचा आवाज मी त्यांच्या न्हाणीघरात दार लावून घोटवला, अडखळण्यासकट. आमच्या आईला फोनवर ऐकवून बघितला. ती म्हणाली, "अगं, मशीन थांबव आणि बोल ना, काही ऐकू येत नाहीये."

पैजेच्या दिवशी आधी मशीन खरोखर चालवलं, कारण पैज तेलाशी नव्हती. मग हात मांडीवर ठेवले, काकांना फोन लावला आणि तोंड उघडलं. सुंदर जमलं. एकसारखं धावत होतं. शेवटी थांबले तेव्हा मला हसू दाबवत नव्हतं.

पलीकडे वॉर्डातली कुणाची तरी चाकाची खुर्ची गेली.

"हरलीस," काका म्हणाले.

"कशावरून?"

"अडखळलं नाही कुठे."

घोटवलेलं सगळं कुठे गेलं होतं मला कळेना.

"हे आताचं नाही," काका म्हणाले. "हे तिच्या वेळचं आहे. शेवटी 'हं' पण केलंस तू."

ते मला कळलंच नव्हतं. मी म्हणाले, "बरं काका, हरले. उद्यापासूनही पाय माझेच."

"पाय तुझे," ते म्हणाले. मग, "फोन ठेवू नकोस. पुन्हा काढ."