प्रेसवरचा कानसेन

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. पत्रे दाबणाऱ्या जुन्या प्रेसचा पंप दिवसभर बोंबलायचा. आवाज थांबला की मशीन बंद, मग खुशाल हात घाला. तीस वर्षं बोटं शाबूत राहिली ती याच हिशेबावर.

नव्या प्रेसची मोटर लागेल तेव्हाच, लागेल तेवढीच फिरायची, एरवी चिडीचूप. "काका, ती गप्प असली तरी चालू असते. आधी स्विच बंद करा," इंजिनिअरने बजावलं.

"मला शिकवतोस?" तो खेकसला.

तिसऱ्या आठवड्यात पत्रा अडकला. प्रेस गप्प होती. सवयीने त्याने हात घातला. पत्रा सुटला आणि मोटर फिरली.

आता बायको रोज सकाळी न बोलता त्याच्या शर्टाची बटणं लावते.

"काहीतरी बोल गं," तो काकुळतीला येतो, "अशी गप्प राहू नकोस."